सरदाराचं व्होल्टेज

लोखंडाला खोकला येतो का, यावर आमच्या ग्रुपात तीन दिवस चर्चा चालली होती. आमच्या लहानपणी रविवारी सकाळी टीव्हीवर ‘लोहनगर’ नावाचं कार्टून लागायचं. बाहेरच्या देशातून आणून हिंदीत बोलायला लावलेलं. त्यात सगळे रोबोट, औषधालाही माणूस नाही. आणि कारखान्याला आग लागली की हे सगळे रोबोट तोंडावर हात धरून, कमरेत वाकून, खोकत बाहेर यायचे. आता चाळिशी उलटलेली, चष्मा लागलेली माणसं मोबाइलवर एकत्र येऊन त्यावर भांडतात. अंबडचा एक औषध दुकानदार म्हणतो, फुप्फुस नाही तर खोकला कुठला. परभणीच्या एक बाई म्हणतात, सवय असेल.

असे विषय आम्हाला रोज लागतात. उडता येत असून हे लोक जिन्याने का चढतात? पाय दुखत नाहीत तर सभेला खुर्च्या कशाला? त्यांच्यातला डॉक्टर दुसऱ्या रोबोटच्या कपाळाला हात लावून ताप बघतो, तो हात तर त्याच्याहून तापलेला असणार. वेशीवरचा पहारेकरी शत्रू दिसला की आधी शेजारच्या पहारेकऱ्याकडे बघतो, शेजारचा याच्याकडे बघतो, तोवर भिंत पडलेली असते; त्याला आम्ही सगळ्यांनी मिळून सरकारी नोकरी देऊन टाकली आहे. चौदा नंबरचा एक रोबोट दर भागात आपला तेलाचा डबा विसरतो, आणायला परत जातो आणि पकडला जातो. परभणीच्या बाईंनी लिहिलं, “आमचे हे असेच. गाडी चालू केली की रुमाल आठवतो.”

मी जालन्याला एका ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळतो. मस्तगडाकडून घरी चालत येता येता हे सगळं वाचतो आणि रस्त्यात एकटाच हसतो. स्वतः सहसा लिहीत नाही. त्या दिवशी मात्र लिहिलं. विचारलं की, रोबोटांच्या सरदाराच्या छातीवरचा दिवा लागलेला असला की तो चांगला वागतो आणि विझला की वाईट, हे तुमच्यापैकी किती जणांच्या लक्षात आलं होतं? आमच्या गावच्या, परतूरकडच्या आष्टीच्या पोरांनी ते फार लवकर ओळखलं होतं. व्होल्टेज कमी पडलं की सरदार बिघडायचा.

मग अंबडच्या दुकानदाराचं उत्तर आलं. “दादा, ते दोन आहेत.”

पाठोपाठ त्याने एक रंगीत चित्र टाकलं. एक सरदार निळा, एक विटकरी लाल. अंग तेच, डोकं तेच, खांद्यावरचे खिळेसुद्धा मोजून तेवढेच. निळा लोहनगरचा रक्षक, छातीवर दिवा; लाल त्याचा वैरी, त्याचा दिवा कायमचा काळा. पुढे हसणाऱ्या तोंडांची रांग लागली आणि माझं नाव ‘व्होल्टेजवाले’ पडलं. मीही हसलो. आमचा टीव्ही काळा-पांढरा होता. त्यात निळा आणि लाल दोन्ही राखाडीच दिसायचे. आवाजही दोघांना एकाच माणसाने दिलेला, आणि त्यांची त्यांची माणसं दोघांनाही सरदारच म्हणत. एका भागात दोघं समोरासमोर उभे राहिले होते, तेव्हा आम्ही ठरवलं की हा आरसा आहे. एकाने मारलं आणि दुसरा पडला. आरशातला कसा पडला, हे विचारायला कुणी तोंड उघडणार, तेवढ्यात गिरणी सुरू झाली आणि चित्र मिटलं.

ती गिरणी माझ्या मित्राच्या, दिग्याच्या वडिलांची. त्यांना सगळे तात्या म्हणत. परतूरहून येणारी एसटी जिथं थांबायची, तिथून उजव्या हाताला पत्र्याचं छप्पर, पुढे उंच ओटा, ओट्याला लागून त्यांची राहायची खोली आणि खोलीत तो टीव्ही. लाकडी खोक्यातला, सरकत्या दाराचा. तो त्यांच्याकडे कसा आला ते मला माहीत नाही. आमच्या बाजूला तेव्हा दुसरा नव्हता एवढं खरं. खोलीत सगळ्या वस्तूंवर पिठाचा एक हात फिरलेला असायचा. टीव्हीच्या काचेवरही. दिग्या शर्टाच्या बाहीने काच पुसायचा आणि मग आम्ही मांडी घालून बसायचो.

वास अजून नाकात आहे. ज्वारीचं पीठ ऊन ऊन असताना त्याला भाकरीच्या आधीचा एक वास असतो. त्यात तापलेल्या पट्ट्याच्या रबराचा वास, मोटारीचा वास आणि दळणाला बसलेल्या बायांच्या डोक्याच्या तेलाचा. थंडीत त्या खोलीसारखी ऊब दुसरीकडे नव्हती, कारण भिंतीपलीकडे मोटार तापलेली असे. उन्हाळ्यात लाइटच नसायची, तेव्हा आम्ही बंद टीव्हीसमोर बसून आपलं आपणच कार्टून करायचो. एक जण धूर व्हायचा आणि बाकीचे खोकायचे. पावसाळ्यात छपरावरची अँटेनाची काडी वाऱ्याने फिरायची आणि लोहनगरात मुंग्या यायच्या. मुंग्यांतूनही आम्ही बघत बसायचो, नाक काचेला लागेपर्यंत पुढे सरकत.

गिरणीची मोटार सुरू झाली की टीव्हीचं चित्र चारी बाजूंनी आत यायचं. आधी कडा जायच्या, मग सरदाराचे पाय, मग शेवटी तळहाताएवढ्या उजेडात नुसती हालचाल. त्यामुळे कार्टूनच्या अर्ध्या तासात गिरणी बंद ठेवणं किंवा न ठेवणं हे तात्यांच्या हातात होतं, आणि आमचा रविवार त्यांच्या हातात होता.

काही रविवारी तात्या स्वतः खटका पाडून गिरणी बंद करायचे. ओट्यावर दळणाची रांग लागलेली, बाया कुरकुर करताहेत, आणि तात्या दारात आडवे उभे. “थांबा बायांनो, अर्ध्या तासानं काय जवारी उगवून येनार हाये का? पोरांचं व्हऊ द्या.” मग आमच्या मागे भिंतीला टेकून बसायचे. धोतराच्या सोग्यातून गुळाचे खडे निघायचे. हरभऱ्याच्या दिवसांत हिरवे डहाळे यायचे आणि सगळ्या खोलीत आंबट वास सुटायचा. रोबोट खोकत बाहेर आले की तात्यांना हसू आवरत नसे. “खोकनार न्हाई तर काय, गिरनीवाले असतील बिचारे,” असं म्हणून ते इतके हसायचे, की शेवटी त्यांनाच खोकल्याची उबळ यायची. दिग्या पाणी आणायचा. ग्रुपातल्या कुणालाही सुचलं नाही असं ते उत्तर होतं, आणि ते आमच्याकडे पहिल्यापासून होतं.

आणि काही रविवारी तात्या न बोलता यायचे, कुणाकडे न बघता खटका वर करायचे आणि चित्र मिटायचं. कुणी हुं की चूं केलं तर आम्हाला बखोट धरून ओट्याखाली उतरवायचे. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. गावात काही घरं होती जिथं आम्हाला दारातच थांबावं लागे, आणि माझे वडील शाळेत मास्तर होते म्हणून त्यात फरक पडत नसे. तात्यांचं तसं नव्हतं. आत घ्यायचे तेव्हा सगळ्यांना आत घ्यायचे आणि हाकलायचे तेव्हाही सगळ्यांना सारखंच हाकलायचे. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांचं बाकीचं पुष्कळ माफ केलं होतं. अर्थात मला माफ करायला सोपं होतं, कारण मी घरी जायचो आणि दिग्या तिथंच राहायचा.

आजचा रविवार कुठला आहे, हे आम्हाला आधी कळावं म्हणून दिग्याने खूण ठरवली होती. दिवस बरा असला तर ओट्याच्या कोपऱ्यावर काहीच नसे. बरा नसला तर तिथं एक रिकामा पत्र्याचा डबा पालथा घातलेला असे. आम्ही लांबूनच डबा बघायचो आणि चिंचेखाली गोट्या खेळायला वळायचो. मोठ्या माणसांना त्यात काही कळत नव्हतं. एखादी बाई तो डबा सुलटा करून ठेवायची, आम्हाला तो कुणाचा तरी दळणाचा डबा वाटायचा आणि मग घोळ व्हायचा.

असाच एकदा घोळ झाला. डबा सुलटा होता, आम्ही आत जाऊन बसलो, आणि तात्या आले. आम्हाला काही बोलले नाहीत. दिग्याचा दंड धरला, खुंटीवरचा जुन्या पट्ट्याचा तुकडा काढला आणि आमच्यासमोर दोनदा ओढला. टीव्हीवर सरदार आपल्याच माणसांच्या भिंती पाडत होता, त्याच्या छातीवरचा दिवा विझलेला होता. आम्ही चपला न घालता पळालो. दुपारी ओढ्यावर दिग्याने शर्ट काढला तेव्हा पाठीवर दोन वळ होते, पट्ट्याच्या शिवणीसकट उमटलेले. त्यानेच सांगितलं. “सरदार वाईट न्हाई. त्याला व्होल्टेज कमी पडून राह्यलं. दिवा लागला का बराबर होतो.” आणि पाण्यात उडी मारली.

त्या दिवसापासून ते सगळ्यांचं झालं. लोहनगरमधला सरदार असा का वागतो, याचं आमच्याकडे एक आणि एकच कारण होतं. गिरणीशेजारी वाढलेल्या पोरांना दुसरं काय सुचणार? आमच्या डोळ्यांसमोर रोज होतं ते. व्होल्टेज पडलं की चांगलं चित्र वाकडं होतं, आणि चित्राचा त्यात दोष नसतो. थांबायचं, पळून जायचं नाही, टीव्हीला थापड मारायची नाही. आज तात्या कसे आहेत, याला आमच्यात ‘आज व्होल्टेज कसंय’ असंच विचारत. दिग्या हे गमतीने म्हणत नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं.

गेल्या महिन्यात चुलत भावाच्या मुलीचा साखरपुडा आष्टीला होता. निघण्याआधी मी दिग्याला फोन केला. म्हटलं, लोहनगरचा रंगीत भाग मिळाला आहे, येऊन दाखवतो, एक गंमत आहे. तो म्हणाला, ये, चहा पिऊ. त्या वेळी माझ्या डोक्यात फक्त गंमत होती. दिग्याचं तोंड कसं होईल, तो कसा कपाळावर हात मारेल, आणि ते मी ग्रुपात कसं लिहीन, हेच मी गाडीत घोळवत होतो.

पत्र्याचं छप्पर तेच आहे. गिरणीशेजारी मिरची कुटायचं यंत्र आलंय, कारण आता घरोघर छोट्या चक्क्या झाल्या आणि दळण कमी झालं. ओट्याच्या कोपऱ्यावर एक प्लास्टिकचा डबा पालथा घातलेला होता. माझे पाय आपोआप थांबले. पन्नाशीला आलेला माणूस रस्त्यात उभा, चिंचेकडे वळू की काय अशा विचारात.

आतून दिग्याचा आवाज आला. मास्तराचा पोरगा म्हणून मी त्याच्या लेखी पहिल्यापासून मास्तरच. “ये रे मास्तर. तो डबा तुझ्यासाठी न्हाई, गिऱ्हाइकासाठी हाये.”

तात्यांचं आता डोकं राहिलेलं नाही. कधी माणूस ओळखतात, कधी नाही. बिघडले की दळणाला आलेल्या बायांवर ओरडतात, हाताला लागेल ते फेकतात. म्हणून दिग्या त्या दिवशी डबा घालतो, आणि लोक दळण ओट्यावर ठेवून गुपचूप निघून जातात. सगळ्या गावाला आता ती खूण माहीत आहे. वहिनींनी चहा आणला तेव्हा त्यांच्या मनगटाला पट्टी बांधलेली होती. मी पट्टीकडे बघितलं, त्यांनी पदर ओढून घेतला.

त्या आत गेल्यावर दिग्या खालच्या आवाजात म्हणाला, “जालन्याला एक आश्रम पाहून आल्तो. बरा हाये. सोमवारी नेऊन सोडतो तात्याला. गाडीबी सांगितली.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “तू काही म्हनशील म्हनून सांगून न्हाई राह्यलो. नुसतं सांगून राह्यलो.”

मी म्हणालो, बरोबर आहे. आणि मला ते बरोबरच वाटत होतं. वहिनींच्या मनगटाकडे बघून कुणीही तेच म्हणालं असतं. पण खिशातला मोबाइल एकदम जड झाला. हा माणूस एवढी वर्षं कशाच्या जोरावर त्या खोलीत राहिला, ते मला माहीत होतं. तात्या वाईट नाहीत, व्होल्टेज कमी आहे, दिवा लागेल. आणि मी जालन्याहून त्याला दाखवायला काय घेऊन आलो होतो, तर दिवा कधी विझलाच नव्हता, चांगला वेगळा होता आणि वाईट वेगळा. दोन दिवसांनी त्याला बापाला गाडीत बसवायचं होतं. मला भीती वाटली. दाखवलं तर तो कुठल्या बाजूला पडेल याची, आणि काही झालं तरी ते माझ्यामुळे असेल याची. मी ठरवलं, दाखवायचं नाही.

“काय दाखवनार होतास?” दिग्याने विचारलं.

“काही नाही रे. असंच.”

“मास्तर, तुला लहानपनापासून खोटं बोलता येत न्हाई. काढ.”

काढला. आरशाचाच भाग होता. निळा सरदार उभा राहिला, समोर लाल उभा राहिला. दिग्याने मोबाइल लांब धरला, मग चष्मा वर करून जवळ धरला.

“हे लाल कोन?”

“तोही सरदारच. ते दोन होते, दिग्या. आपल्याला रंग दिसत नव्हता.”

त्याला कळायला थोडा वेळ लागला, आणि मग तो हसला. असा हसला की आतून वहिनी बघायला आल्या. “अरे, आरसा! आपन म्हनलो आरसा!” त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. “अन् आरशातला पडला तरी कोनाला बिलकुल संशय न्हाई!” मीही हसत होतो. आमच्या हसण्यात ती खोली, तो गूळ, त्या मुंग्या, सगळं परत आलं. मग हसणं ओसरलं. दिग्याने चित्र पुन्हा मागे नेलं आणि पुन्हा बघितलं. या वेळी हसला नाही.

“दोन असते तर किती बरं झालं असतं, मास्तर,” तो म्हणाला. “एकाला नेऊन सोडलं असतं. एकाला ठेवून घेतलं असतं.”

तेवढ्यात आतून तात्यांनी हाक मारली. कुणाचं नाव घेतलं ते कळलं नाही. दिग्या मोबाइल हातात तसाच घेऊन उठला आणि मी त्याच्या मागे गेलो.

तात्या खाटेवर बसले होते. इतके लहान झाले होते की मी आधी उशीच समजलो. दिग्या त्यांच्या शेजारी टेकला आणि त्याने चित्र त्यांच्यापुढे धरलं. आता आग लागली होती आणि रोबोट खोकत बाहेर येत होते. तात्या एकटक बघत राहिले. मला वाटलं, आता ते गिरणीवाल्यांचं म्हणतील. ते नाही म्हणाले. भिंतीकडे हात करून म्हणाले, “खटका पाड. पोरं बसलेत.”

गिरणी सकाळपासून बंदच होती. दिग्या उठला, भिंतीपलीकडे गेला आणि खटका वर करून पुन्हा पाडल्याचा आवाज मी ऐकला. परत येऊन म्हणाला, “पाडला, तात्या.” तात्यांनी मान हलवली. आमच्याकडे एकदा बघून घेतलं, सगळे बसलेत ना असं. मला रडू आलं ते मी लपवलं नाही.

हे असं किती वेळ चाललं असेल? चार-पाच मिनिटं. मग तात्यांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी दिग्याच्या हातातला मोबाइल फटकन उडवला, तो फरशीवर पडून तडकला, आणि मग त्यांनी पोटच्या पोराला ज्या शिव्या दिल्या त्या मला इथं लिहिता येणार नाहीत. दिग्याने मोबाइल उचलला, बाहीने काच पुसली आणि माझ्या हातात दिला. म्हणाला, “काच बदलून देतो तुला.” मी म्हटलं, राहू दे.

मंगळवारी मी फोन केला. सोमवारचं विचारायला जीभ रेटेना, म्हणून पाऊसपाण्याचं विचारलं. त्यानेच सांगितलं. “गाडीवाल्याला न्हाई म्हनून कळवलं. इथल्याच एका पोरीला दिवसभरासाठी ठेवलंय, तेवढाच हिच्या हाताला आराम. बघू दिवाळीपस्तोर.” दिवाळीनंतर काय, हे त्याने सांगितलं नाही. नेलं तरी मी त्याला नावं ठेवणार नाही, हे मी बोललो नाही, पण ते त्याला माहीत असावं.

काच मी अजून बदललेली नाही. तिच्यातून वाचता येतं. ग्रुपात आता नवा विषय आहे, रोबोटांच्या गावात न्हाव्याचं दुकान कशाला? मधेच अंबडच्या दुकानदाराला माझी आठवण झाली. त्याने विचारलं, “व्होल्टेजवाले, तुमच्या आष्टीच्या मित्राला सांगितलं का, सरदार दोन होते म्हणून? काय म्हणाला?”

मी लिहिलं, “सांगितलं. पण आमच्याकडे एकच होता.”